एक तोळ्याची गोळी: वऱ्हाडातली हरणं, शिकारी आणि शिशाचा इतिहास

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो म्हणणारे बरेच आहात, म्हणून नेहमीप्रमाणे बोललेलंच थोडं नीट करून इथे टाकतोय. आकडे जास्त आहेत, तेव्हा वाचलेलं बरंच.

सुरुवात करू मोताळा तालुक्यातल्या एका हरभऱ्याच्या शेतापासून. मामांचं शेत. थंडीत मी त्यांच्यासोबत जागलीला गेलो होतो. जागल म्हणजे रात्रभर शेत राखणं, हे शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. बॅटरी, काठी, शेकोटी आणि पत्र्याचा डबा. रात्री दोनच्या सुमारास रोही आले. पाच-सहा असतील. आपण पुस्तकात नीलगाय म्हणतो तेच, वऱ्हाडात रोही. मामांनी डबा बडवला, रोही धुऱ्यापर्यंत गेले, थांबले, आणि आमच्याकडे बघत उभे राहिले. डब्याला आता ते घाबरत नाहीत. मामा म्हणाले, "भाचेबुवा, मारायची परवानगी भेटते म्हणे आता. पण मारायचं कशानं?"

मला वाटलं ते वैतागून बोलतायत. पण नंतर लक्षात आलं, की हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या निमाडात एका माणसाने पुस्तकभर विचारला होता. कशानं? म्हणजे किती वजनाच्या गोळीनं, आणि ती गोळी आतून कशी बांधलेली असली पाहिजे? आजचा भाग त्याच प्रश्नाचा आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. भारतात शिकार बंद आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून काही प्राणी मारता यायचे. १९९१च्या दुरुस्तीने तेही संपलं. काळवीट आणि चिंकारा तर कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टात आहेत. त्यामुळे हा भाग ऐकून कुणाला काही सुचत असेल तर ते तिथेच सोडा. आपण इतिहास बघतोय.

आता मापं. इंग्रजी बंदुकीच्या जगात गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. ग्रेन म्हणजे दाणा, जवाचा दाणा. एका पौंडात ७००० ग्रेन. कंटाळवाणं वाटतं ना? मलाही वाटायचं. मग एक गंमत सापडली. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळ्याचं माप पक्कं केलं ते बरोबर १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. राणीच्या छापाचा चांदीचा रुपयाही १८० ग्रेनचाच. आणि जगभर हरणाच्या शिकारीसाठी थर्टी-नॉट-सिक्स रायफलमध्ये जी गोळी सर्रास वापरली जाते तिचं वजनही १८० ग्रेन. म्हणजे बरोबर एक तोळा! खामगावच्या चांदीच्या बाजारात वाढलेल्या माणसाला आता काही समजावून सांगायची गरज नाही. (सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, मी जुना तोळा धरतोय.) या भागात सगळ्या गोळ्या आपण तोळ्यातच मोजू.

तर निमाड. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. अंबाबरवाचं जंगल त्यातच. डोंगर ओलांडला की बऱ्हाणपूर, म्हणजे त्या काळचा निमाड जिल्हा. १८६०च्या दशकात तिथे जमाबंदीच्या कामावर कॅप्टन जेम्स फोरसिथ नावाचा अधिकारी होता. पचमढीच्या डोंगरात फिरून त्याने लिहिलेलं 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' पुष्कळांना माहीत असतं. ते १८७१ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी तो गेला, वय तेहेतीसच्या आसपास. पण त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने एक कोरडं वाटणारं पुस्तक छापलं होतं: शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या, एवढाच विषय.

त्याला काय खटकत होतं ते समजून घ्यायला हवं. त्या वेळी सैन्यात नवी एनफिल्ड रायफल आली होती. हो, तीच, १८५७च्या काडतुसांची. तिची गोळी लांबट, टोकदार, ५३० ग्रेन, म्हणजे तीन तोळ्यांना थोडी कमी. ती लांब जायची, नेम धरायची. सैन्याला एवढंच हवं होतं. पण जंगलात तीच गोळी सांबराला मारली तर काय व्हायचं? लांबट गोळी सरळ आत शिरायची, सरळ बाहेर पडायची, आणि सांबर पळून जायचं. मरायचं, पण दोन-तीन कोसांवर, कुठल्यातरी नाल्यात, आणि कधी कधी दोन दिवसांनी.

फोरसिथचं म्हणणं, शिकारीला जुनी गोल गोळीच बरी. बारा बोरची गोल गोळी म्हणजे एक पौंड शिशाचे बारा भाग केले तर त्यातला एक. ५८३ ग्रेन, सव्वातीन तोळे. 'बारा बोर' हा शब्द कुठून आला हे आता कळलं ना? गोल गोळी रुंद असते, मऊ शिशाची असते, अंगात शिरताच चपटी होते आणि मोठी वाट करते. अडचण अशी, की रायफलच्या नळीतल्या पिळात ती जोरात मारली तर पीळ सोडून घसरते आणि नेम जातो. म्हणून त्याने नळीतला पीळच अगदी मंद केला आणि दारू भरपूर घातली. त्याच्या नावाने ती पद्धत पुढे ओळखली जाऊ लागली.

इथे मला थोडं थांबायचंय. आपण साहेबांच्या शिकारीकडे बघतो तेव्हा फोटोतली मेलेली जनावरं दिसतात. न दिसलेली जनावरं किती, हा हिशेब कुठल्याच फोटोत नाही. त्या काळची शिकारीची पुस्तकं वाचताना मात्र एक वाक्य दर दहा पानांनी येतं: जखमी झालं, रक्ताचा माग काढला, अंधार पडला, सापडलं नाही. गोळीच्या वजनावर आणि बांधणीवर हे लोक एवढं भांडले त्याचं कारण तेच आहे. त्यांना दया होती म्हणून? काहींना असेलही. बऱ्याच जणांना शिंगं हातची गेल्याचं दुःख होतं. कारण काहीही असो, प्रश्न खरा होता.

हरणाचं शरीर काय मागतं, ते दोन ओळीत सांगतो. जनावर मरतं ते धक्क्याने नाही. फुप्फुस-काळीज फाटून रक्त वाहिलं आणि मेंदूचा पुरवठा तुटला की मरतं. म्हणजे गोळीने दोन कामं करायला हवीत: पुरेसं खोल जायचं, आणि जाताना फुलायचं. खोल जायला वजन आणि कणखरपणा लागतो, फुलायला मऊपणा. आणि या दोन गोष्टींचं एकमेकींशी जमत नाही! गोळी कठीण केली तर सुईसारखी आरपार. मऊ केली, हलकी केली, जोरात मारली, तर खांद्याच्या हाडावरच तिचा चुरा. वर भली मोठी जखम, आत काही नाही. त्यात हरणं एका मापाची नाहीत. आपल्या माळावरचा चिंकारा वीस-पंचवीस किलोचा. काळवीट चाळीसच्या आसपास. चितळ नर सत्तर-ऐंशी. सांबर आणि रोही दोनशेच्या वर. (रोही आणि काळवीट शास्त्राप्रमाणे हरणं नाहीत, कुरंग आहेत, पण आपण बोलीत सगळ्यांना हरीण म्हणतो, चालू द्या.) चिंकाऱ्याला फुलणारी गोळी रोह्याच्या खांद्यावर फुटून जाते. रोह्यासाठी बांधलेली गोळी चिंकाऱ्यातून न फुलताच जाते आणि पलीकडे जे असेल त्याला लागते.

फोरसिथनंतरची पिढी वेगाच्या नादी लागली. पर्डी नावाच्या लंडनच्या बंदूकवाल्याने आगगाडीवरून नाव उचललं: एक्सप्रेस. दारू जास्त, गोळी हलकी, आणि टोकाला पोकळ. .४५० एक्सप्रेसची हलकी गोळी २७० ग्रेन, दीड तोळा. लहान हरणावर वीज पडल्यासारखा परिणाम. मोठ्या जनावरावर मात्र तोच चुरा. सॅम्युएल बेकर, नाईलच्या उगमाकडे गेलेला तोच, याने १८९०च्या आपल्या पुस्तकात या पोकळ गोळ्यांना चांगलंच झोडपलं. त्याची आवडती गोळी .५७७ बोरची, भरीव, शुद्ध मऊ शिशाची, ६४८ ग्रेन. साडेतीन तोळ्यांच्या वर! त्याचं गणित साधं: गोळी आत शिरावी, छत्रीसारखी फुलावी, आणि पलीकडच्या कातड्याखाली थांबावी. बाहेर पडली तर उरलेला जोर झाडाला दिला, जनावराला नाही. आजचे शिकारी याच्याशी वाद घालतात, त्यांना बाहेर पडणारी गोळी हवी असते, कारण दोन भोकांतून रक्त सांडतं आणि माग सापडतो. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे; बेकरकडे खांद्यावर उचलून चालणारी माणसं आणि माग काढणारे आदिवासी होते, त्याला रक्ताच्या मागाची एवढी काळजी नव्हती.

आता गोष्ट जंगलातून बाहेर पडते.

१८९०च्या सुमारास धूर न होणारी दारू आली आणि ब्रिटिश फौजेने थ्री नॉट थ्री घेतली. आधीच्या मार्टिनी-हेन्रीची गोळी ४८० ग्रेन, अडीच तोळ्यांच्या वर, नुसतं शिसं. नवी गोळी २१५ ग्रेन, सव्वा तोळ्याला जराशी कमी, आणि वेग एवढा की नुसतं शिसं नळीत टिकेना. म्हणून वरून निकेल-तांब्याचं कवच. १८९५ मध्ये चित्रालच्या मोहिमेत सैनिक तक्रार करू लागले, की गोळी लागते पण माणूस थांबत नाही. सांबराची तीच जुनी कथा.

मग कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकावरचं कवच जरासं सोडून आतलं शिसं उघडं ठेवलं. एवढंच. शिकारीच्या गोळीची युक्ती सैन्याच्या गोळीला लावली. डमडम गोळी हे नाव जगभर झालं. तुम्ही कोलकात्याच्या विमानतळावर उतरलात तर त्याच परिसरात उतरता.

युरोपात ओरड झाली. जर्मनीत ट्युबिंगनच्या फॉन ब्रून्स नावाच्या शल्यवैद्याने प्रयोग केले आणि भयानक जखमा दाखवल्या. इंग्रज म्हणाले, अहो, याने आमची गोळीच वापरली नाही! त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याने वापरलेली गोळी शिकारीची होती, तिचं शिसं डमडमपेक्षा कितीतरी जास्त उघडं होतं. म्हणजे हरणासाठी बनवलेल्या गोळीच्या जखमा दाखवून माणसासाठीच्या गोळीवर बंदी आली. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत ठराव झाला: शरीरात फुलणारी, चपटी होणारी गोळी युद्धात वापरायची नाही. ब्रिटनने तेव्हा मान्यता दिली नाही, १९०७ मध्ये दिली.

आणि इथून दोन रस्ते झाले. युद्धात फुलणारी गोळी बेकायदा. शिकारीत बऱ्याच देशांत नेमकं उलटं. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१चा हरणांविषयीचा कायदा सांगतो, की हरणाला मारायचं असेल तर गोळी मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाचीच हवी. स्कॉटलंडमध्ये मोठ्या हरणांसाठी गोळीचं कमीत कमी वजनही ठरलेलं. कित्येक वर्षं ते १०० ग्रेन होतं. एकाच गोळीला एका ठिकाणी क्रूर आणि दुसऱ्या ठिकाणी दयाळू का म्हणतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. पण कारण सरळ आहे. युद्धात जखमी माणूस उचलून दवाखान्यात नेता येतो. जखमी हरणाला कोण नेणार?

बांधणीची पुढची कथा पटकन सांगतो. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकी माणसाने कॅनडात चिखलाने माखलेल्या एका मोठ्या मूसवर गोळ्या झाडल्या, आणि त्या वरच्यावर फुटून गेल्या. घरी येऊन त्याने गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचं शिसं फुलेल, मागचं भिंतीआड अखंड राहील आणि खोल जाईल. फोरसिथला जे दोन गुण एकत्र हवे होते ते एका गोळीत आले. त्यानंतर १९८० च्या दशकात आख्ख्या तांब्याच्या गोळ्या आल्या. शिशाचे कण मांसात राहतात आणि ते खाऊन गिधाडांच्या जातीचे पक्षी मरतात. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाला बंदीच आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून स्कॉटलंडला २०२३ मध्ये आपली १०० ग्रेनची अट ८० वर आणावी लागली. सव्वापाच माशांच्या थोडं वर.

हे सगळं जगात होत होतं. बुलढाण्यात काय होत होतं?

इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतलं १८५३ मध्ये. कापूस वाढला, खामगावची पेठ वाढली, १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वे आली, माळरानं नांगराखाली गेली. १८७८चा शस्त्र कायदा आला: हिंदी माणसाला बंदुकीला परवाना हवा, गोऱ्यांना सूट. म्हणजे फोरसिथ-बेकर ज्या गोळ्यांवर वाद घालत होते त्या इथल्या शेतकऱ्याच्या हातात येण्याचा प्रश्नच नव्हता. १९०७ मध्ये तर सैन्याच्या बोरांच्या रायफली खाजगी लोकांना देणं बंद झालं, काडतुसं फितुरांच्या हाती लागतील म्हणून. त्यातूनच पुढे आपल्याकडे ३१५ बोरची सरकारी रायफल रुजली: फौजेची गोळी तिच्यात बसत नाही, हाच तिचा मोठा गुण! तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात होतात. गोळी २४४ ग्रेन, एक तोळा चार मासे, मऊ टोकाची.

बंदूक नसलेले शिकारीही होते. आपल्या जिल्ह्यातले फासेपारधी. तातीचे फास जमिनीवर मांडायचे, बैलाच्या आडोशाने काळविटांचा कळप हळूहळू त्यावर न्यायचा. शिशाचा संबंध नाही. जखमी होऊन निसटण्याचा प्रश्न जवळजवळ नाही. माधव गाडगीळांसारख्या अभ्यासकांनी नोंदवलंय, की पाडसं आणि गाभण माद्या फासातून सोडून द्यायची त्यांच्यात रीत होती. राज्यकर्त्यांनी मात्र त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, आणि तो कागदावरून निघायला १९५२ उजाडलं. गावात आणि पोलीस ठाण्यात तो अजून किती निघालाय, हे त्यांच्या पोरांना विचारा.

आता परत मामांच्या शेतात.

२०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पिकाचं नुकसान करणारे रोही आणि रानडुक्कर मारायला वनखात्याच्या अधिकाऱ्यांकडून परवानगी मिळू शकते, असं ठरवलं. परवानगी, सरसकट मोकळीक नाही. मामांनी ऐकलेलं ते हेच. पण शस्त्र? १९५९चा शस्त्र कायदा शेतकऱ्याच्या पीकरक्षणासाठी कोणत्या बंदुकीचं नाव घेतो माहितीये? ठासणीची बंदूक. तोंडातून दारू भरायची, चिंधी ठासायची, छर्रे किंवा गोल गोळी टाकायची. रायफल नाही, नळीत पीळ नाही.

म्हणजे हिशेब बघा. दोनशे किलोचा रोही, अंधार, बॅटरीचा उजेड, साठ-सत्तर पावलांचं अंतर. आणि हातात जे आहे ते फोरसिथच्याही आधीचं. त्याच्याकडे गोल गोळी होती, पण निदान पिळाची नळी आणि मोजून भरलेली दारू होती. बारा बोर असेल तर छऱ्यांचं काडतूस. तीस-चाळीस पावलांच्या पुढे ते पसरतं आणि रोह्याला फक्त दुखावतं. मामांच्या शेजाऱ्याकडे वडिलांच्या वेळची ठासणीची आहे. तो ती हवेत काढतो, आवाजासाठी. "जनावराला कायले मारू," म्हणतो, "लागलं तर मरत नाही आन् हुकलं तर पलीकडच्या जागल्याले लागते."

त्याने कुठलंही पुस्तक वाचलेलं नाही. तरी गोळी अपुरी पडते आणि गोळी पलीकडे जाते, हे दोन्ही धोके त्याने एका वाक्यात सांगितले.

त्यामुळे कुणी फोनवर रील टाकून "सरकारने परवानगी दिली, घाला गोळ्या" म्हणतो, तेव्हा मला राग येतो. कागद दिला, पण नीट मारता येईल असं काही दिलं नाही. मग विजेच्या तारा लागतात, गावठी बॉम्ब लागतात, आणि त्यात रोही मरतो, बिबट्या मरतो, कधी शेतकरीही मरतो. जिथे हरणं खरंच मोजून कमी करायची असतात तिथे शिकलेला नेमबाज, ठरलेली रायफल, ठरलेली गोळी असते, आणि जखमी जनावराचा माग काढायची जबाबदारी त्याच्यावर असते. एवढं करायचं नसेल तर कुंपणाला पैसे द्या. मामांचंही मत तेच आहे. त्यांनी तीन बाजूंनी जाळी लावलीये, चौथ्या बाजूचे पैसे पुढच्या सोयाबीनवर.

एक राहिलंच. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ निघाला आणि तेराशे किलोमीटरच्या वर चालून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. बोथ्याच्या जंगलात रोही आणि रानडुकरं भरपूर. जागलीच्या त्या रात्री मी मामांना विचारलं, तो इथेच राहिला असता तर बरं झालं असतं का?

मामा बराच वेळ शेकोटी उकरत बसले. मग म्हणाले, "रोह्यासाठी बरं झालं असतं. पण मग जागलीले कोण आलं असतं, भाचेबुवा?"